तारेपलीकडच्या गाई

धाकटी जाऊ मूठ मिटून आली. मधल्या तारेवरून हात अलीकडे काढून तिने मूठ उघडली, तर आत गाईच्या शेपटीचे केस. पुरता गोंडा, मुळासकट.

"ओढले नाहीत," ती म्हणाली. "नुसता हात फिरवला. हातात आले."

रंगारीण पाटीत शेण भरत होती, ती थांबली. केस कोणाचे हे विचारायची गरज नव्हती. त्या रंगाची एकच गाय होती, भुरी. आई मेल्यावर धाकटीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता भुरी गाभण होती, पाचवा-सहावा महिना चालू होता.

"उष्म्यानं होतं कधीकधी," रंगारीण म्हणाली.

"तुमच्या गाईंना बरा होत नाही उष्मा?"

तारेच्या अलीकडे रंगारणीच्या गाई झाडांखाली बसून रवंथ करत होत्या. पोटं भरलेली, अंगावर तकाकी, शेपट्या माश्या हाकलायच्या कामात. तारेच्या पलीकडे, त्याच झाडांच्या पुढच्या रांगेत, धाकट्या दिराच्या गाई उभ्या होत्या. माना खाली, तोंडातून लाळेचे धागे. पाला तोच होता. सावलीही तीच. मधे फक्त तार होती, आणि ती तार रंगारणीने स्वतः ओढून घेतली होती.

धाकटीने केस परत मुठीत घेतले आणि पाठ फिरवून गेली. ते टाकून दिले असते तर बरं झालं असतं, असं रंगारणीला वाटलं.

*

रंगारीण हे तिचं नाव नव्हे. शिंप्याची ती मुलगी. बस डेपोमागच्या गल्लीतल्या एका खोलीत पाच भावंडांत वाढली. गाय तिने लग्नाआधी पाहिली ती रस्त्यात बसलेली. नवरा दुधाचा टँकर चालवायचा, एक दिवस घरी तर दोन दिवस रस्त्यावर. सासरी चढावर लांबच लांब गवताचा माळ होता आणि त्यावर औषधाला झाड नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात तिने एक गोष्ट पाहिली. दुपारी सगळ्या गाई दूधघराच्या भिंतीला येऊन चिकटायच्या. भिंतीची सावली हातभर रुंद. ऊन चढेल तशी पट्टी अरुंद व्हायची आणि गाई एकमेकींना ढकलायला लागायच्या. शेवटी जी सगळ्यांत अशक्त ती उन्हात जायची आणि तिथेच उभी राहायची, जणू तिचा मालकही तेच म्हणणार होता, जा बाहेर. एका चटईवर पाच जणांत झोपलेल्या मुलीला ही ढकलाढकली ओळखीची होती.

"मामंजी, इथे झाडं का नाही लावत?" तिने सासऱ्यांना विचारलं.

सासरे हसले. "लावलं की गाय खाते. गाय आवरावी तर मग झाडाचा उपयोग काय? तुला दोन्ही पाहिजे. हौस मोठी आहे."

नवऱ्याने टँकरच्या रस्त्यावरून सुबाभळीच्या शेंगा आणून दिल्या. रोपं झाली, रांगा झाल्या, आणि पंधरवड्यात गाईंनी रांगाच्या रांगा फस्त केल्या. ती चिडली नाही. नुसती बघत बसली. बघता बघता तिच्या लक्षात आलं की माळावर जिथे शेणाचा पो पडला आहे त्याच्या भोवतीचं गवत हिरवंगार वाढलेलं असतं आणि एकही गाय तिथे तोंड घालत नाही. मग तिने बादलीत शेण कालवलं, चुन्याचा कुंचला घेतला आणि रोपारोपाला खालपासून वरपर्यंत शेण फासलं. पाऊस झाला की पुन्हा फासायचं. जाणारे येणारे गाड्या हळू करून विचारायचे.

"काय रंगारीणबाई, आज कोणता रंग?"

"हाच. तुमच्या दारालाही एक हात मारू का?"

नाव चिकटलं. झाडंही लागली. मुलांची शिक्षणं झाली, ती शहरात गेली, आणि झाडं गाईंच्या पाठीपेक्षा उंच गेली. तिने वाकवून धरलेल्या फांदीचा पाला खाताना गाई डोळे अर्धवट मिटायच्या. भर उन्हाळ्यात खालचं गवत टिकायचं, दूधही टिकायचं. सासऱ्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. फक्त शेवटच्या वर्षी त्यांनी आपली खाट झाडांखाली टाकायला लावली.

ते गेल्यावर चुली दोन झाल्या. माळ मात्र कागदावर एकच राहिला.

आणि आजूबाजूला माळ उरले नव्हते. खाली नदीकडे स्टार्चचा कारखाना आला होता, त्याला मका लागायचा, ढिगाने. चढावर उभं राहिलं की दिसायचं: दर वर्षी एखादं हिरवं जायचं आणि तिथे तपकिरी चौकोन यायचा, कडा सरळ, मोजून कापल्यासारख्या. ज्यांनी गाई विकल्या त्यांचे गोठे आता मोटारी ठेवायला. धाकट्याला यात काही वाईट दिसत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं. त्याच्या वाटणीच्या उघड्या अर्ध्या माळावर उन्हाळ्यात गवताची काडी राहत नव्हती.

"नांगरायचं मशीन सरळ रेषेत चालतं, वहिनी," तो म्हणायचा. "तुझ्या झाडांना प्रदक्षिणा घालत नाही. आणि कारखान्याला घ्यायचा तर पुरा माळ पाहिजे, तुकडा नको."

"मग नका देऊ."

"मग माझ्या गाईंना काय तुझं हे 'नका' खायला घालू?"

त्यातून पैज लागली. धाकट्याने मागच्या वर्षी दूरच्या बाजारातून मोठ्या, भरपूर दुधाच्या गाई आणल्या होत्या. त्या आणि भुरी अशा सगळ्या उन्हाळाभर झाडांच्या अर्ध्या भागात सोडायच्या. दूध टिकलं तर तो मशीनचं नाव काढणार नाही. नाही टिकलं तर झाडं मुळापासून निघणार.

"आणि मग तू रडायचं नाहीस," तो म्हणाला.

"मी रडत नाही. पण माझीही एक अट आहे. मधे तार ओढायची. तुमच्या गाई तिकडे, माझ्या इकडे. पाण्याचा हौदही वेगळा. उद्या कोणी म्हणायला नको, की माझ्या गाईंचं दूध तुमच्या बादलीत गेलं."

"कोण म्हणणार आहे?"

"कोणीही."

तिला स्वच्छ जिंकायचं होतं. शिंप्याच्या मुलीने कापड फाडावं तसा तिने माळ मधोमध फाडला.

*

केस घेऊन धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा आला. एकटा नव्हता. बरोबर करवतवाला होता, गळ्यात खडूची पिशवी, कानावर पेन्सिल. तो सरळ पहिल्या झाडाशी गेला, मिठी मारून घेर पाहिला आणि बुंध्यावर फुली काढली.

"हे काय, भाऊजी? उन्हाळा संपलाय का?"

"दूध संपलंय." धाकट्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला जास्त भीती वाटली. "अर्ध्यावर आलं. दोघींनी तर खाणंच टाकलं. भुरीच्या मानेला गाठ आल्यासारखी सूज आहे. तुझ्या एकीला तरी काही झालंय?"

"नाही."

"तोच पाला?"

"तोच."

"मग मला एक सांग, वहिनी." तो जवळ आला. "झाडांना काय फासतेस तू?"

करवतवाल्याचा खडू मधेच थांबला.

एवढ्या वर्षांचं चेष्टेतलं नाव एका क्षणात फिरून तिच्याच अंगावर आलं होतं. शेण फक्त कोवळ्या रोपांना, जून झाडांना कशाला कोण फासेल, हे सगळं ती सांगू शकली असती. पण तिच्या मनात, सगळ्याच्या तळाशी, एक वाक्य खड्यासारखं पडून होतं: माझ्याच झाडांनी केलंय हे. कसं ते माहीत नाही, पण माझ्याच झाडांनी.

"डॉक्टरांना बोलवा," ती एवढंच म्हणाली. "त्या जे सांगतील ते मला मान्य. झाडं तोडा म्हणाल्या तर मी दोर धरीन."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोटारसायकलवर आल्या. बुटांना वाळलेला चिखल, बाह्या कोपरापर्यंत. एकेक गाय त्यांनी पाहिली, जबडा उघडून जिभेखाली बघितलं, गळ्याच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाल्या, "मला या भुरीचं मूत पाहिजे. कोण थांबतंय मागे?"

धाकटीच थांबली, भांडं घेऊन. बाईंनी काचेच्या नळीत थोडं घेतलं आणि औषधाचे थेंब सोडले. नळीतला पिवळा रंग आधी गढूळला, मग काळपट लाल झाला. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"आता तिकडचं आणा."

रंगारणीने आपल्या म्हाताऱ्या गाईचं आणलं. या गाईला घरात सगळे आजीबाई म्हणायचे, कारण ती सगळ्यांच्या आधी खायची आणि सगळ्यांवर नाराज असायची. थेंब पडले. रंग पिवळाच राहिला.

"बघा!" धाकटा म्हणाला. "म्हणजे माझ्याच गाईंना काहीतरी घातलंय!"

"काही घातलेलं नाही," बाई म्हणाल्या. "विष पाल्यातच आहे. या झाडाच्या पाल्यात असतं. थोडा खाल्ला तर चालतं, रोज पोटभर खाल्ला की असं होतं. त्या गाईंच्या पोटात एक जंतू आहे, तो ते विष मोडून टाकतो. या गाईंच्या पोटात तो नाही."

"का नाही?"

"बाहेरून आलेल्या गाई, आणि ही भुरी आईविना बाटलीवर वाढलेली म्हणता. त्यांना कुठून मिळणार? एकीकडून दुसरीकडे जातो तो. लाळेतून, शेणातून, एकत्र चरताना, एकत्र पाणी पिताना. पण सगळ्या एकाच हौदावर असताना यांना अजून कसा लागला नाही, तेच मला..."

बाईंनी मान वर केली तेव्हा त्यांना तार दिसली. तारेच्या दोन बाजूंचे दोन हौद दिसले.

धाकट्याने रंगारणीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच तिला सोसवेना. दोन घरांच्या मधून ओढलेली ती तार एवढा वेळ नुसती उभी होती. आता ती तिच्या पोटातून गेल्यासारखी झाली.

"उपाय?" तिने विचारलं.

"आज पाला बंद. गाई उघड्यावर न्या, कोरडा चारा. आणि..." बाई थांबल्या. "मी वाचलंय, स्वतः केलेलं नाही. चांगल्या गाईच्या पोटातलं या गाईंच्या पोटात घालायचं. रवंथाचा चोथा चालेल. लागला तर दुखणं जाईल. मात्र लागला की नाही हे कळायला एकच मार्ग आहे. पुन्हा पाला खायला घालायचा आणि पुन्हा मूत तपासायचं."

"म्हणजे विष घालून बघायचं," धाकटा म्हणाला.

"हो."

*

त्याच आठवड्यात भुरी गाभडली. केस नसलेलं, ओलं, न झालेलं वासरू गोठ्याच्या दारात पडलं होतं. रंगारीण धावत गेली. धाकटी दारातच बसली होती, वासरावर गोणपाट टाकून.

"ताई, इकडे येऊ नका," ती म्हणाली. "मी वाईट बोलेन."

"बोल."

"नाही बोलणार. तुम्हाला तेवढंही नाही देणार."

धाकट्याने करवतवाल्याला महिन्याच्या गुरांच्या बाजारानंतरचा वायदा दिला. तेवढीच मुदत. रंगारणीने नवऱ्याच्या सीटमागचा थर्मास उचलला.

"अगं, त्यात माझा चहा असतो!" नवरा ओरडला. एरवी भावाच्या आणि बायकोच्या भांडणात तो गाडीखाली जाऊन काहीतरी दुरुस्त करत बसायचा.

"आता आजीबाईचा चोथा असेल. हवा लागायला नको आणि थंड व्हायला नको, असं बाई म्हणाल्यात."

"मग नंतर मी चहा कशातून पिऊ?"

"नंतर उरलो तर बघू."

तो गाडीखाली गेला नाही. तिच्यामागे माळावर आला आणि त्याने आजीबाईची मान धरली. आजीबाईने घास वर आणला, गालात घोळवला, आणि रंगारणीने जबड्याच्या कडेने, जिथे दात नसतात तिथून, हात आत घातला. गरम, बुळबुळीत, हिरवा. आजीबाईने असा काही कटाक्ष टाकला की नवऱ्याला हसू फुटलं. एक घास, मग दुसरा, मग तिसरा. रिकाम्या तोंडाने गाय थोडा वेळ गोंधळून चावत राहायची. थर्मास भरला, वर कोमट पाणी, झाकण घट्ट.

तारेपाशी धाकटा उभा होता. तिला वाटलं अडवणार. त्याने पक्कड काढली आणि तार तोडली. तुटताना तार झणझणत दोन्हीकडे मागे गेली, त्याच्या मनगटाला ओरखडा आला. मोठ्या काळ्या गाईचा जबडा त्याने उघडून धरला आणि तिने बाटलीने ओतलं. रोज सकाळी असं चाललं. एकमेकांच्या इतक्या जवळ उभे राहून दोघं फक्त गाईशी बोलायचे.

"गिळ बाई."

"सोड, जीभ सोड, हं."

भुरीला धाकटीने हात लावू दिला नाही. तिला घराच्या अंगणात बांधलं होतं.

मग पाला घालायचा दिवस आला. रंगारणीने फांदी तोडून आणली, काळीपुढे धरली, आणि मागे घेतली. गाय लाळ गाळायची थांबली होती, कोरडा चारा खात होती. तशीच ठेवली असती तर जगलीच असती.

"इकडे दे," धाकटा म्हणाला. "माझी गाय आहे. मेली तर माझ्या हातून मरू दे."

काळीने पाला हुंगला. तोंड फिरवलं. पुन्हा हुंगला. मग जिभेचा वेढा घालून ओढला. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, नंतर आणखी. धाकटा रोज सकाळी तिच्या शेपटीचे केस ओढून बघायचा आणि हात विजारीला पुसायचा. रंगारणीचं अन्नावरचं मन उडालं. समोरच्या उतारावरचा शेजाऱ्याचा माळ त्या आठवड्यात नांगरला गेला. मशीन दिवसभर गुरगुरत होतं, आणि दर वळणावर आवाज जवळ यायचा तसं तिला वाटायचं, आलंच.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी करवतवाला दोन माणसं घेऊन हजर झाला. डॉक्टरीणबाईंचा पत्ता नव्हता. बाई आल्या तेव्हा करवतीत तेल भरून झालं होतं.

"घाई करा," धाकटा बाईंना म्हणाला. "यांचा दिवस मोडतोय."

काळीला मुतायची घाई नव्हती. सगळे तिच्यामागे उभे, करवतवालासुद्धा. कोणी शीळ घालून बघितली, कोणी पाण्याची धार सोडून. रंगारणीचा नवरा म्हणाला, "एवढी माणसं मागे उभी असली तर मलाही होणार नाही." कोणी हसलं नाही. शेवटी गाईने पाठ वाकवली.

बाईंनी नळी उजेडात धरली. थेंब पडले. रंग गढूळला.

रंगारणीने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते. नळीतलं गढूळपण हललं, खाली बसायला लागलं, आणि वर राहिला तो पिवळा रंग. फिकट, गवती, साधा.

"दुसरी आणा," बाई म्हणाल्या.

दुसरीचाही पिवळा. तिसरीच्या नळीत मात्र लालसर झाक आली. "हिला अजून दिवस लागतील," बाई म्हणाल्या. "पाला बेताने घाला. आणि हे कायमचं आहे असं मी लिहून देणार नाही. नवीन गाय आणाल तेव्हा पुन्हा हेच करावं लागेल."

धाकट्याने मान हलवली. कोणाकडेही न बघता तो करवतवाल्याकडे निघाला. रंगारीण जागची हलली नाही. पैज दुधाची होती, आणि दूध तर टिकलं नव्हतंच. भुरीचं वासरू गोणपाटाखाली गेलं होतं. तो म्हणाला असता तोड, तर तिच्याकडे बोलायला जागा नव्हती.

करवत सुरू झाली.

तो आवाज माळावरून सरळ तिच्या दातांत शिरला. दोर धरीन, असं तीच म्हणाली होती. ती निघाली, आधी चालत, मग धावत. पहिलं फुलीचं झाड कडकडून कलत होतं. ती पोचली तेव्हा शेंडा जमिनीवर पडला, पाल्याचा ढीग उसळला, आणि तिला दिसलं की बुंधा उभाच आहे. करवत तिच्या कमरेइतक्या उंचीवर चालली होती. खडूची फुली तशीच खाली बुंध्यावर होती.

"मुळापासून नको म्हणाले मालक," करवतवाला करवत बंद करून म्हणाला. "म्हणे फुटतात पुन्हा. खाली पाला हाताशी येईल म्हणे."

धाकटा पलीकडे उभा होता, फांद्या ओढत. तिने बुंध्याकडे पाहिलं, एकदा, दोनदा. बोलू नये असं तिला वाटलं, पण राहवलं नाही.

"भाऊजी, हे फार खाली झालं. इथे फुटवा आला की गाई कोवळाच ओरबाडतील, झाड मरेल. छातीपर्यंत ठेवा."

"घ्या!" करवतवाल्याने कपाळाला हात लावला. "आधी रडायच्या कापू नका म्हणून, आता कुठे कापायचं ते सांगतात!"

"मी रडले नव्हते," रंगारीण म्हणाली.

धाकट्याने पुढच्या झाडाशी जाऊन आपल्या छातीला हात लावला, तेवढ्यावर बुंध्यावर नखाने खूण केली आणि तिच्याकडे बघितलं.

"एवढं?"

"बोटभर वर."

त्याने खूण बोटभर वर केली. तिने दोर उचलला, फांदीला बांधला आणि मागे सरून ताणून धरला. अंगणात बांधलेली भुरी हंबरत होती. धाकटी घरातून बाहेर आली नाही.